बुद्धिबळात पंधराव्या चालीनंतर डोकं रिकामं होतं. जुन्या मास्टर लोकांचे डाव नक्की कसे अभ्यासायचे?

लोकलमधला_उंट
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय, प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

वय ४३, नोकरी बँकेत, शाळेत असताना थोडंफार खेळायचो, मग वीस वर्षं पटाला हात नाही आणि लॉकडाऊनमधे परत चस्का लागला. ऑनलाईन रॅपिड रेटिंग १३५० ते १४०० च्या मधे गेलं दीड वर्ष अडकलंय, वर चढलं की रविवारी एका बैठकीत परत खाली. पझल्स रोज करतो, जाता येता लोकलमधे, ते बऱ्यापैकी सुटतात. ओपनिंग (डावाची ठरलेली सुरुवात) म्हणाल तर पांढऱ्याने लंडन आणि काळ्याने कारो-कान, दोन्हीच्या दहाबारा चाली पाठ आहेत. माझी बोंब त्यानंतर सुरू होते. मोहरी बाहेर आली, किल्लेकोट झाला (राजा हत्तीच्या आडोशाला गेला), समोरच्याने काही सरळसरळ चूक केली नाही, आणि आता काय?? खरंच काही सुचत नाही, मग मी उगाच एच३ खेळतो (म्हणजे एच पट्टीतलं प्यादं एक घर पुढे), हत्ती इकडचा तिकडे करतो आणि वाट बघत बसतो की हा कधीतरी ब्लंडर (ढोबळ चूक) करेल. बहुतेक वेळा मीच करतो.

सगळे सांगतात शंभर वर्षांपूर्वीच्या मास्टर लोकांचे क्लासिक डाव बघ, जगज्जेता कापाब्लांका बघ, रुबिनस्टाईन बघ. म्हणून फोर्टला पदपथावर एक जुनं डावांचं पुस्तक मिळालं ते घेतलं, शिवाय अॅपवर पण बघतो. रात्री जेवण झाल्यावर एका तासात आठदहा डाव सहज होतात, बघताना सगळं पटतं पण, वा काय खेळलाय वगैरे, आणि सकाळी विचाराल तर एक चाल आठवत नाही. खेळात तर शून्य फरक. माझं काय चुकतंय? की हे सगळं वरच्या लेव्हलच्या लोकांसाठी आहे आणि १४०० वाल्याने या भानगडीत पडूच नये?

सरळसोट_हत्ती
स्पष्ट बोलतो राग मानू नका. १४०० ला स्ट्रॅटेजी बिट्रॅटेजी काही नसतं. तुमचे शेवटचे २० हरलेले डाव काढा, त्यातले १५ तरी तुम्ही मोहरा फुकट दिल्यामुळे गेलेत की नाही ते बघा. पझल्स वाढवा, ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) बंद करा, आणि चाल करण्याआधी हात मांडीखाली ठेवायची सवय लावा. कापाब्लांका १८०० नंतर.

निवृत्त_वजीर
हत्तीभाऊंचं अर्धं बरोबर आहे. मोहरी फुकट जाणं थांबलंच पाहिजे. पण मोहरी फुकट का जातात हेही बघा की. माणसाला काय करायचं ते माहीत नसलं की तो कुठलीतरी चाल करतो आणि ती कुठलीतरी चालच बहुतेक वेळा ब्लंडर असते. प्लॅन असलेला माणूस कमी ब्लंडर करतो हे मी चाळीसएक वर्षं स्थानिक स्पर्धा खेळून सांगतोय, मी स्वतः काही मोठा खेळाडू नाही, जिल्ह्याच्या पुढे कधी गेलो नाही.

उंटराव, तुमचं चुकतंय ते एवढंच की तुम्ही डाव बघताय. एका तासात दहा डाव म्हणजे डावाला सहा मिनिटं, त्यात चाळीस चाली, म्हणजे एका चालीला साधारण नऊ सेकंद. ज्या चालीवर कापाब्लांकाने अर्धा तास घातला असेल ती तुम्ही अंगठ्याने सरकवून पुढे गेलात. पटणारच ना, उत्तर छापलेलं गणित सगळ्यांनाच पटतं.

मी काय करतो ते सांगतो. घरात खरा पट आहे ना, लाकडी नसला तरी चालेल, तो मांडा. एक डाव घ्या, आठवडाभर तोच. जिंकणाऱ्याच्या बाजूने बसा. ओपनिंगच्या दहाबारा चाली पटापट करून टाका, तिथे अडकू नका, शंभर वर्षांपूर्वीचं ओपनिंग शिकून तुम्हाला काही मिळणार नाही. मग पोस्टकार्ड घ्या (आमच्या वेळी पोस्टकार्ड असायचं, तुम्ही विजेचं बिल घ्या) आणि पुढच्या चाली झाका. आता तुमची पाळी. चाल ठरवा आणि वहीत लिहा, आणि शेजारी अर्ध्या ओळीत का ते लिहा. लिहायचंच. नुसतं मनात ठेवलं तर उत्तर बघितल्यावर मन बिनदिक्कत खोटं बोलतं की मलापण हेच वाटलं होतं. लिहिलेलं असलं की पळवाट नाही.

चाल ठरवताना दोनच गोष्टी स्वतःला विचारा. समोरच्याला पुढच्या दोनतीन चालींत काय करायचंय, आणि माझ्या बाजूचा सगळ्यात आळशी मोहरा कोणता. बास. यापेक्षा लांब यादी केली तर वापरली जात नाही, मी करून बघितलीये.

सगळ्या चाली बरोबर येणार नाहीत, तीनातली एक आली तरी खूश व्हा. जिथे तुमची चाल आणि त्याची चाल अगदी वेगळ्या दिशेच्या निघतात अशा तीनचार जागा एका डावात सापडतात, तिथे फुली मारा. अभ्यास त्या जागांचा करायचा, बाकी डाव विसरलात तरी चालेल.

सुरुवात कुठल्या डावाने करावी म्हणाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे, कापाब्लांका विरुद्ध टार्टाकोवर, न्यूयॉर्क १९२४. गंमत म्हणजे याच स्पर्धेत कापाब्लांका रेटीकडून हरला होता, आठ वर्षांनी पहिल्यांदा, आणि स्पर्धा जिंकला म्हातारा लास्कर, कापाब्लांका दुसरा आला. पण लोकांच्या लक्षात राहिला तो हा डाव.

टार्टाकोवर काळ्याने डच नावाचं ओपनिंग खेळलाय. सुरुवातीच्या मारामाऱ्या होऊन २६ व्या चालीपर्यंत वजीर गेलेले आहेत. पांढऱ्याकडे हत्ती आणि उंट, काळ्याकडे हत्ती आणि घोडा, प्यादी सारखी. आता तुम्ही म्हणाल यात काय आहे, बरोबरी करून चहा प्यायला जाऊ. २७ व्या चालीला पांढरा एच५ खेळतो. तिथे थांबा. का एच५? कारण प्याद्यांची मारामारी झाली की एच पट्टी उघडते, हत्ती एच१ वर येतो आणि तिथून सरळ एच७, सातव्या रांगेत. काळ्याचा राजा आठव्या रांगेत कोंडला. हा झाला एक प्लॅन, तीनच चालींचा, आणि तुम्ही मिडलगेमला (डावाच्या मधल्या भागात) असा तीन चालींचा प्लॅन करायला लागलात तरी १५०० होतात.

इकडे टार्टाकोवरपण गप्प बसलेला नाही. त्याचा हत्ती सी६ वर येतो आणि घोडा सी४ वर, नजर पांढऱ्याच्या सी३ च्या प्याद्यावर. दिसायला त्याचंही बरोबर चाललंय, कमजोर प्यादं शोधलं, त्यावर दाब आणला, पुस्तकात असंच लिहिलेलं असतं. मग घोडा ई३ वरून शह देऊन एफ५ वर येतो आणि कापाब्लांका त्याला उंटाने मारतो. आता राहिले फक्त हत्ती आणि प्यादी. ३५ वी चाल, पांढऱ्याची. राजा एफ३, हत्ती एच७, प्यादी ए४, सी३, डी४, एफ४, जी५. काळा: राजा एफ८, हत्ती सी६, प्यादी ए७, बी६, सी७, डी५, एफ५. सी३ वर हल्ला आहे.

उत्तर मी इथे लिहीत नाही. पट मांडा, २० मिनिटं बघा, वहीत लिहा, मग पुढचा डाव बघा आणि इथे येऊन सांगा काय लिहिलं होतंत. खरं सांगायचं हं, लाजायचं नाही.

लोकलमधला_उंट
काका (काका म्हटलं तर चालेल ना) काल रात्री केलं. मुलीचा मॅग्नेटचा पट काढला, त्यात एक काळं प्यादं कमी आहे तिथे राजम्याचा दाणा ठेवला 😄

मी लिहिलं होतं हत्ती डी७. कारण असं लिहिलं होतं की सी३ एका चालीत तर वाचत नाहीच, हत्ती एच३ वर आणावा तर मधे माझाच राजा उभा, मग त्याने सी३ घेतलं तर मी डी५ घेतो, फिट्टंफाट. एकदम खूश होतो मी, वीस नाही पंचवीस मिनिटं घातली होती.

आणि उत्तर बघितलं तर राजा जी३!! म्हणजे तो सांगतोय घे सी३, आणि वर शहपण घे. मग राजा एच४. मग जी६, आणि एफ४ चं प्यादंसुद्धा दिलं, तेपण शहासकट. दोन प्यादी गेली आणि राजा निघालाय जी५, एफ६. मी तीनदा मागे जाऊन बघितलं की मीच चुकीचं मांडलंय का. आणि सगळ्यात कहर म्हणजे ३९ व्या चालीला काळ्याचं एफ५ चं प्यादं राजाच्या शेजारी बेवारस पडलेलं आहे, मी तर डोळे झाकून खाल्लं असतं, हा खातच नाही, बाजूने एफ६ वर जातो. हे का? कळलं नाही अजून. आणि ते राजम्याचा दाणा असलेलंच प्यादं होतं त्यामुळे जास्तच लक्षात राहिलं.

निवृत्त_वजीर
काका चालेल.

हत्ती डी७ ही चाल वाईट म्हणणार नाही मी, माणूस तिथे पोचतो कारण तो प्यादी मोजतोय. तुम्ही प्यादी मोजलीत, टार्टाकोवरने प्यादी मोजली, कापाब्लांकाने बघितलं की पटावर काम कोण करतंय. त्याचा हत्ती सातव्या रांगेत बसून राजाला हलू देत नाहीये. डी५ खायला तो तिथून उठला की काळ्याचा राजा लगेच पाय मोकळे करायला बाहेर. आणि पांढऱ्याचा आळशी मोहरा कोण होता? राजा. म्हणून राजा कामाला लावला, भाडं दोन प्यादी.

एफ५ का नाही खाल्लं ते आता बघा. ते प्यादं काळ्याचं असलं तरी छत्री पांढऱ्या राजाची आहे. काळ्याचा हत्ती एफ पट्टीवरून शह द्यायला आला तर मधे त्याचंच प्यादं. ते खाल्लं की पट्टी मोकळी आणि शहावर शह सुरू. आणि राजा एफ६ वर पोचल्याबरोबर हत्ती एच८ मात अशी धमकी आहे, म्हणून काळ्याला राजा जी८ खेळावंच लागतं, मग हत्ती जी७ शह, राजा कोपऱ्यात, आणि आता निवांत सी७ चं प्यादं उचललं. एफ५ पण खाल्लं बरं का त्याने, पण ४२ व्या चालीला, काम झाल्यावर. ५२ व्या चालीला काळ्याने डाव सोडला.

आता ही जागा तुम्ही विसरून दाखवा.

अडीच_घरं
मधे तोंड घालतो. वजीरकाकांची पद्धत मस्त आहे, पण मला एक कळत नाही की २०२० च्या दशकात १९२४ चे डाव कशाला? इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) लावा की त्या डावांना, दोघांच्याही चुका ढिगाने निघतात. त्यापेक्षा आत्ताचे टॉप लेव्हलचे डाव घ्या, अचूक खेळ बघा. जुन्या क्रिकेटच्या ब्लॅक अँड व्हाईट फिल्मा बघून आजची बॅटिंग कशी शिकणार.

पटाशेजारी
अडीच घरं, मी सोसायटीत मुलांना शिकवते, आठ ते तेरा वयाची आहेत, तर माझा अनुभव सांगते. मीपण आधी आजचे डाव दाखवायचे, कारण मुलांना नावं माहीत असतात, गुकेश, प्रज्ञानंद, आपली नागपूरची दिव्या देशमुख २०२५ चा महिलांचा वर्ल्ड कप जिंकली तेव्हा तर वर्गात नुसता धिंगाणा. पण अडचण अशी होते की आजच्या दोन ग्रँडमास्टरांच्या डावात एकाने प्लॅन आखला की दुसऱ्याला तो तीन चाली आधीच कळतो, तो तिथेच मोडून टाकतो, मग पहिला दुसरा प्लॅन काढतो, तोही मोडतो. म्हणजे खरी लढाई जी चाल झालीच नाही तिच्यावर चाललेली असते. मुलांना काय दिसतं, दोघंही मोहरी मागे पुढे करतायत आणि बरोबरी. जुन्या डावात समोरच्याला बचाव तितका येत नव्हता म्हणून प्लॅन पहिल्यापासून शेवटापर्यंत पूर्ण झालेला बघायला मिळतो. शिकणाऱ्याला तेच पाहिजे असतं.

रुबिनस्टाईन विरुद्ध साल्वे घ्या, १९०८, वूचचा (लोड्झ असंही लिहितात, आता पोलंडमधे आहे). काळ्याचं सी पट्टीवरचं प्यादं मागे राहिलंय. रुबिनस्टाईन ते खायला धावत नाही. त्या प्याद्याच्या समोरचं सी५ आणि शेजारचं डी४ ही दोन काळी घरं आधी ताब्यात घेतो, तिथे आपली मोहरी बसवतो की आता हे प्यादं पुढे सरकूच शकत नाही, मग निवांत एकेक करून सगळे त्याच्यावर. मी मुलांना सांगते आधी दाराला बाहेरून कडी घाला मग घरात शिरा. एवढा एक डाव दाखवला की पुढच्या महिन्यात त्यांच्या स्वतःच्या डावात कोणीतरी घोडा मागासलेल्या प्याद्यासमोर नेऊन बसवतंच. आणि मग मागे वळून माझ्याकडे बघतं 😊

अजून एक, मी मुलांना चाल सांगताना नोटेशन वापरू देत नाही. वाक्यात सांगायचं. "घोडा ई५ ला" नाही, "घोडा इथे बसवला कारण इथून त्याला प्याद्याने कोणी हुसकू शकत नाही". ज्याला वाक्य करता येत नाही त्याला चाल कळलेली नसते. मोठ्यांनाही लागू आहे हे.

अडीच_घरं
ताई हा मुद्दा मान्य, असा विचार केला नव्हता. पण इंजिन अजिबात नाही असं तर म्हणत नाही ना कोणी?

निवृत्त_वजीर
नाही हो, इंजिन लावा, पण सगळ्यात शेवटी. आधी तुमचा अंदाज, मग पुस्तकातली टीप असेल तर ती, मग इंजिन. आधीच लावलं तर ते आकडा सांगतं आणि आकडा बघितला की डोकं बंद. मी एक उपयोग जरूर करतो, माझी वहीतली चाल इंजिनला घालतो आणि विचारतो ही का चालत नाही, समोरच्याच्या बाजूने त्याची चाल बघतो. कधीकधी निघतं की माझी चाल कापाब्लांकाच्या इतकीच चांगली होती, तो दिवस मग चांगला जातो.

आणि चुकांचं म्हणाल तर असू देत की चुका. फिशर-पेट्रोशियन, १९७१, ब्यूनोस आयर्सच्या सामन्याचा सातवा डाव बघा. फिशरचा घोडा सी५ वर असा बसलाय की कोणालाही हेवा वाटावा, आणि समोर पेट्रोशियनचा डी७ वरचा उंट म्हणजे अगदीच निकम्मा. २२ व्या चालीला फिशर आपला तो घोडा देऊन तो निकम्मा उंट मारतो. हॉलमधल्या भल्याभल्यांना कळलं नव्हतं म्हणतात. कारण असं की तो उंट स्वतः काही करत नव्हता पण काळ्याच्या कमजोर जागा तोच धरून होता. तो गेला आणि फिशरचे हत्ती आत घुसले, ३४ चालींत खेळ खलास. आता त्या डावात पुढे कुणाची चाल इंजिनच्या आकड्यात दशांश दोनने चुकली असेल तर असो, मला त्यातून जे घ्यायचं ते मी घेतलं की आपल्या मोहऱ्याचं सौंदर्य बघत बसायचं नाही, मारामारीनंतर पटावर काय उरतं ते बघायचं.

सरळसोट_हत्ती
मी परत आलो. उंट, तुम्ही हरलेले २० डाव बघितलेत का? मी विचारलं होतं.

लोकलमधला_उंट
बघितले हत्तीभाऊ. २० पैकी ११ मधे मोहरा फुकट. तुम्ही १५ म्हणाला होतात त्यामुळे मी थोडा सुधारलेला आहे असं समजतो. पण काकांचं वाचून परत बघितलं तर त्या ११ पैकी ७ मधे त्याच्या आधीच्या चारपाच चाली अशाच आहेत, राजा एच१, राजा परत जी१, हत्ती ई१, हत्ती परत डी१. म्हणजे दोघंही बरोबर आहात 🙏

सरळसोट_हत्ती
११ पण जास्तच आहेत. पण ठीक आहे. करा कापाब्लांका, पझल्स सोडू नका फक्त.

प्यादं_एकच_घर
थोडं विषयांतर. आमचे आजोबा देशी पद्धतीने खेळायचे, प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, किल्लेकोट नाही, राजाला डावात एकदा घोड्याची उडी. लहानपणी मी त्यांना आंतरराष्ट्रीय नियम शिकवायचा प्रयत्न केला तर म्हणाले प्याद्याला एवढी घाई कशाला. डाव इतका सावकाश सुरू व्हायचा की वीस चाली नुसती मांडामांड, एकही मारामारी नाही. पण त्यामुळेच त्यांना कुठला मोहरा कुठे बसवायचा याची जी समज होती ती मला पुस्तकं वाचूनही आली नाही.

मीर सुलतान खान आधी हेच देशी बुद्धिबळ खेळत मोठा झाला आणि मग इंग्लंडला जाऊन तीनदा ब्रिटिश चॅम्पियन झाला, १९२९, ३२ आणि ३३. ओपनिंगचं ज्ञान यथातथाच, कारण ओपनिंग ही भानगड त्याने उशिरा बघितली. तरी १९३०-३१ च्या हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलंन. तो डाव पण यादीत घाला. झटपट मातबित काही नाही, हळूहळू आवळत नेलाय, कापाब्लांकाला कापाब्लांकासारखंच. ज्यांना वाटतं ओपनिंग पाठ नाही म्हणून आपण मागे आहोत त्यांनी तर बघावाच.

अडीच_घरं
सुलतान खानचा आज बघितला. एकच नंबर. मीपण एक देतो मग, जुना आणि नवा याच्या मधला, कार्पोव्ह विरुद्ध उन्झिकर, नीस ऑलिम्पियाड १९७४. ए पट्टीवर दोघांचे हत्ती समोरासमोर, सगळे म्हणणार मारामारी करून टाका. कार्पोव्ह २४ व्या चालीला उंट नेऊन ए७ वर बसवतो, मधोमध, पट्टीच बंद. म्हणजे काळ्याला मारामारी करता येत नाही आणि पांढऱ्याचे हत्ती त्या उंटाच्या आडोशाला सावकाश ए पट्टीवर जमतात. पट्टी उघडायची की नाही, उघडायची तर कधी, हे आता एकटा कार्पोव्ह ठरवणार. आमच्या चाळीत नळाच्या वॉल्व्हपाशी एक काका उभे राहायचे त्यांची आठवण आली. वजीरकाका, आत्ता पोस्टकार्ड लावून बघतोय, ४० चालींत ९ बरोबर आल्या. दुखलं जरा.

पटाशेजारी
९ चांगल्या आहेत. माझ्याकडे एक दहा वर्षांची मुलगी आहे तिच्या १४ येतात, तिच्यासमोर मी पोस्टकार्ड काढतच नाही.

उंट, तुम्हाला एक विचारायचं होतं, मुलीचा पट घेतलात म्हणालात, ती खेळते का? खेळत असेल तर तिच्याबरोबरच अंदाज लावा, दोघांनी वेगवेगळ्या वह्यांत. भांडणं होतात पण डाव पक्का होतो.

लोकलमधला_उंट
तीन आठवड्यांनी अपडेट देतोय, सगळ्यांचे आभार आधीच मानतो.

तीन डाव झाले, कापाब्लांका-टार्टाकोवर, रुबिनस्टाईन-साल्वे आणि तो फिशरचा घोड्यावाला. पूर्वी तीन आठवड्यांत दोनशे झाले असते. वही केलीये, मुलगी पण बसते (११ वर्षांची, खेळते थोडं, माझ्यापेक्षा जास्त पटकन ठरवते आणि माझ्यापेक्षा जास्त चुकते असं वाटायचं, मोजलं तर दोघांच्या सारख्याच निघाल्या). ताई तुमचं ते वाक्यात सांगायचं आमच्याकडे भलतंच चाललंय, ती मला म्हणाली बाबा तुमचा उंट "घरात आहे पण कामावर नाही". ऑफिसमधे दोन जणांची आठवण आली.

आता कबुलीजबाब. परवा एका डावात मला ती कापाब्लांकाची जागा आल्यासारखी वाटली, हत्ती सातव्या रांगेत, समोरचा राजा कोंडलेला, मी म्हटलं हाच तो क्षण, आणि राजा काढला बाहेर, जी३, एच४, प्यादं दिलं शहासकट, छाती फुगलेली. चार चालींत मात. मलाच. त्याचा वजीर पटावर होता हो अजून. तो होता हे मला दिसत होतं, पण त्याचा आणि राजाच्या फिरण्याचा काही संबंध असतो हे डोक्यातच आलं नाही. समोरच्याने मात करून वर एक हसरा चेहरा पाठवला.

सरळसोट_हत्ती
😂😂😂 हात मांडीखाली म्हटलं होतं.

निवृत्त_वजीर
हे होणारच होतं आणि बरं झालं लवकर झालं. माझं याच चालीवरून एका आंतरबँक स्पर्धेत नाक कापलं गेलंय, समोर आमच्याच शाखेचा शिपाई होता आणि नंतर वर्षभर तो मला चहा देताना "साहेब राजा जपा" म्हणायचा.

वहीत फिशरच्या किंवा कापाब्लांकाच्या नावाखाली फक्त चाल लिहू नका, ती तिथे का चालली त्याच्या अटी पण लिहा. राजा बाहेर: वजीर गेलेले, समोर एकच हत्ती, आपला हत्ती सातव्या रांगेत, आणि लपायला प्यादं. चारातली एक अट नसली तरी राजा घरी. तुमच्या त्या मात झालेल्या डावाची ३५ वी चाल म्हणा किंवा जी असेल ती, तीपण त्याच पानावर शेजारी चिकटवा, कापाब्लांकाच्या बाजूला.

पुढचा लास्कर-कापाब्लांका घ्या, सेंट पीटर्सबर्ग १९१४. यात कापाब्लांका हरतो, म्हणून मुद्दाम देतोय. वजीर लवकर जातात, सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्याला बरोबरी हवीये, आणि मग १२ व्या चालीला लास्कर एफ५ खेळतो. ई५ चं घर समोरच्याला आंदण, ई४ चं प्यादं मागे, पुस्तकाप्रमाणे चूकच. ११ व्या चालीपर्यंत पटापट करा, मग झाका, तुम्ही दोघं काय लिहिता ते बघू. मुलीची वही पण टाका इथे.

लोकलमधला_उंट
शनिवारी करतो काका. मुलीने आत्ताच झाकायला विजेचं बिल शोधून ठेवलंय, भरलं नाहीये अजून ते.